शाळा उघडण्याची तारीख आणि वीजबिलाची तारीख

‘शाळा ऑगस्टच्या मध्याला उघडण्याऐवजी सप्टेंबरात उघडा, एसीचे पैसे वाचतील.’ अमेरिकेत उन्हाळी सुट्टीच्या तारखांवरून वाद पेटला की हा मुद्दा हमखास पुढे येतो. त्यामागचा हिशेबही ठरलेला असतो. ऑगस्टच्या बिलाला शाळेच्या दिवसांनी भागायचं आणि येणाऱ्या आकड्याला ‘वाचलेल्या’ दिवसांनी गुणायचं. असा काढलेला आकडा जवळजवळ नेहमीच फुगलेला असतो. बचत होतच नाही असं नाही, पण ती भलत्याच ठिकाणी शोधली जाते.

मुळात शाळेच्या वर्षाचे १८० दिवस कुठेही पळून जात नाहीत. ऑगस्टमधून काढलेले दहा दिवस जूनमध्ये जाऊन बसतात, नाहीतर हिवाळ्याच्या सुट्टीत घुसतात. टेक्ससने २०१५ मध्ये दिवसांऐवजी मिनिटांचा हिशेब आणला, वर्षाला ७५,६०० मिनिटं. त्यामुळे रोजचा वेळ थोडा वाढवून काही दिवस खरोखरच कमी करता येतात. पण हा दिवस कमी करण्याचा फायदा आहे, तारखेचा नव्हे. चर्चेत या दोन्हींची सरमिसळ होते आणि मग सगळं श्रेय तारखेच्या खात्यावर जमा होतं.

कायद्यांची गंमत वेगळीच आहे. टेक्ससमध्ये ऑगस्टच्या चौथ्या सोमवारआधी शिकवणं सुरू करता येत नाही, मात्र २०१५ च्या कायद्याने ‘डिस्ट्रिक्ट ऑफ इनोव्हेशन’ ठरलेल्या डिस्ट्रिक्टना (एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थांना) त्यातून सूट घेता येते. फ्लोरिडात सीमा १० ऑगस्टची, आयोवात २३ ऑगस्टची, विस्कॉन्सिनमध्ये १ सप्टेंबरची. मिशिगन आणि मिनेसोटात साधारणपणे लेबर डेनंतरची, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरची. व्हर्जिनियाच्या १९८६ च्या कायद्याला तर लोक एका मनोरंजन उद्यानाच्या नावानेच ओळखतात, तो २०१९ मध्ये सैल झाला. या कायद्यांमागचा जोर मुख्यतः पर्यटनाचा होता. वीजबिलाचं गणित बहुधा नंतर येऊन चिकटलं, आणि म्हणूनच ते इतकं ढोबळ राहिलं असावं.

भरलेला दिवस उणे रिकामा दिवस

एक दिवस हलवल्याने किती वाचतं हे काढायचं तर चार आकडे लागतात. ऑगस्टमधल्या शाळेच्या दिवसाचा वापर, ऑगस्टमधल्याच रिकाम्या दिवसाचा वापर, आणि जूनमधले तसेच दोन. ऑगस्टच्या जोडीतली वजाबाकी, त्यातून जूनच्या जोडीतली वजाबाकी वजा. उरतं ते खरं उत्तर.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ६०० मुलांच्या शाळेत ऑगस्टमधल्या भर उन्हाच्या दिवशी ३,२०० युनिट जातात, रिकाम्या दिवशी ९००. फरक २,३००. जूनच्या सुरुवातीला भरलेल्या दिवशी २,७००, रिकाम्या दिवशी ८००. फरक १,९००. युनिटला १० सेंट धरले तर दिवसामागे बचत ४०० युनिट, म्हणजे ४० डॉलर. ढोबळ पद्धतीने हाच दिवस ३२० डॉलरचा दिसला असता. आठपट.

रिकाम्या दिवसाचा वापर शून्य का नसतो? दमट हवेच्या प्रदेशात एसी पूर्ण बंद ठेवलेली इमारत म्हणजे बुरशीला आमंत्रण. सापेक्ष आर्द्रता बराच काळ ६० ते ६५ टक्क्यांच्या वर राहिली की गालिचे, छताचे फरशीवजा तुकडे आणि ग्रंथालयातली पुस्तकं बुरशी धरतात. नेमकी याच काळात उन्हाळी सफाई चालते: गालिचे धुतले जातात, फरशीचा जुना मेणाचा थर काढून चार-पाच नवे हात दिले जातात. सगळं पाणी हवेतच जातं. एसी बंद ठेवून सफाई केली तर मेणाचे हात वाळत नाहीत, एका वर्गाला लागणारा वेळ वाढतो आणि सफाई कर्मचाऱ्यांचा ओव्हरटाइम विजेची बचत खाऊन टाकतो. म्हणून सुट्टीत तापमान २९–३० अंशांपर्यंत चढू द्यायचं, पण आर्द्रतेवर नियंत्रण सोडायचं नाही. रिकामी इमारतही खाते, फक्त कमी खाते.

हिवाळ्यात हा फरक आणखी कमी होतो. पाण्याचे पाइप गोठू नयेत म्हणून सुट्टीतही इमारत १३ अंशांच्या आसपास गरम ठेवावीच लागते. त्यामुळे हिवाळ्याच्या सुट्टीतले दिवस कापून ते ऑगस्टच्या बदल्यात वापरले, तर इंधनाचा जादा खर्च लोकांना वाटतो त्यापेक्षा कमी येतो. उलट सुट्टी वाढवूनही तिथे फार वाचत नाही. हवेशीरपणासाठी बाहेरची थंड हवा आत घेऊन तापवावी लागते तो भाग मात्र मुलं असतील तरच येतो, तेवढा मोजायला विसरू नये.

मुलं स्वतःच एक टन उष्णता घेऊन येतात

भरलेल्या आणि रिकाम्या वर्गात एवढा फरक कशामुळे पडतो हे एकदा आकड्यांत पाहण्यासारखं आहे. बसून हलकं काम करणारा माणूस साधारण ११७ वॉट उष्णता बाहेर टाकतो, त्यातली ७२ च्या आसपास थेट उष्णता आणि बाकीची घाम-श्वासातल्या बाष्पाची. ३० जणांचे मिळून साडेतीन किलोवॉट, म्हणजे बरोब्बर एक टन एसी. हा आकडा प्रौढांचा आहे, लहान मुलांचा थोडा कमी धरायचा.

पण खरा भार बाहेरच्या हवेचा. अमेरिकेतलं हवेशीरपणाचं प्रचलित मानक वर्गासाठी दर डोई सेकंदाला ५ लिटर आणि शिवाय दर चौरस मीटरला ०.६ लिटर बाहेरची हवा मागतं. ८० चौरस मीटरच्या वर्गात ३० जण असतील तर झाले जवळपास २०० लिटर. बाहेर ३५ अंश आणि ४० टक्के आर्द्रता असताना ही हवा २४ अंश आणि ५० टक्क्यांवर आणायला साधारण ५.४ किलोवॉट थंडावा लागतो, म्हणजे दीड टन. दिवे, संगणक, खिडकीतलं ऊन, छत यांचा विचार करण्याआधीच वर्गाचा भार अडीच टनांवर गेला. मुलं नसतील तेव्हा बाहेरच्या हवेची झडप बंद करता येते आणि यातलं काहीच उरत नाही.

यातूनच एक नेहमीची चूक निघते. ‘कूलिंग डिग्री-डे’चे आकडे (दिवसाचं सरासरी तापमान ठरावीक पायाच्या किती अंश वर गेलं याची बेरीज) १८.३ अंशांच्या पायावर काढलेले असतात. भरलेल्या शाळेला मात्र आतल्या उष्णतेमुळे त्याहून कमी तापमानालाही थंडावा लागू शकतो, आणि रिकाम्या शाळेला त्याहून बरंच जास्त तापमान चालतं. एकच पाया दोन्हींना लावला तर ऑगस्टचा रिकामा दिवस महाग दिसतो आणि सप्टेंबरचा भरलेला दिवस स्वस्त. दोन वेगळे पाये घ्या.

आणि सप्टेंबर थंड असतो हे गृहीत धरू नका. जूनमध्ये सूर्य डोक्यावर असतो, दक्षिणेच्या उभ्या काचेवर ऊन तिरपं घसरतं. सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य खाली आलेला असतो आणि तेच ऊन काचेतून थेट आत, बाकांपर्यंत पोचतं. बाहेर २६ अंश असतानाही दक्षिणेकडचे वर्ग तापल्याची तक्रार येते ती यामुळेच.

मागणी आकार: इथे तारीख खरंच बोलते

वीजबिलाचे दोन भाग असतात. एक युनिटांचा, दुसरा मागणी आकाराचा. महिन्यातल्या सर्वांत वाईट १५ मिनिटांत (काही ठिकाणी ३० मिनिटांत) किती किलोवॉट ओढले त्यावर संपूर्ण महिन्याचा मागणी आकार ठरतो. अगदी लहान शाळांच्या दरपत्रकात तो नसतोही. मोठ्या शाळेच्या उन्हाळी बिलात मात्र तो चांगलाच जाणवतो.

आपल्या काल्पनिक शाळेची ऑगस्टमधली कमाल मागणी ३०० किलोवॉट आणि फक्त कार्यालय चालू असताना ११० धरू. दर किलोवॉटला १५ डॉलर. मीटरचं रीडिंग दर महिन्याच्या २० तारखेला होतं. शाळा सोमवारी, १४ ऑगस्टला उघडली तर २१ जुलै ते २० ऑगस्ट या बिलात शाळेचे पाचच दिवस येतात, पण मागणी आकार पूर्ण ३०० किलोवॉटचा बसतो. जादा १९० किलोवॉट, म्हणजे २,८५० डॉलर. पाच दिवसांवर वाटले तर दिवसाला ५७० डॉलर, फक्त मागणीचे. तीच शाळा एक आठवडा पुढे, २१ ऑगस्टला उघडली तर हे सगळे पैसे वाचतात. ते पाच दिवस मेच्या अखेरीस जोडले गेले तर २१ मे ते २० जूनच्या बिलात शाळेचे दिवस आधीच असतात. म्हणजे मागणी आकार तिथे भरून झालेला असतो, वर पडतात ते फक्त युनिट.

आता आणखी एक आठवडा पुढे गेलात तर? मागणीत काहीच वाचत नाही. मिळतात ते दिवसाचे ४० डॉलर. शाळेची तारीख आणि बचत यांचा आलेख सरळ रेषेत जात नाही, तो पायऱ्यांचा आहे, आणि पायरी असते मीटर रीडिंगच्या तारखेवर. म्हणून पहिला प्रश्न ‘किती दिवस उशीर’ हा नाही. वर्षातल्या किती बिलांमध्ये भरलेली शाळा दिसते, हा आहे. ती संख्या एकने घटली तर पैसे वाचतात. दोन्ही टोकांना अर्धवट महिने असतील तर तारीख हलवूनही संख्या तेवढीच राहते, एक बिल सुटतं आणि दुसरं सापडतं.

काही वीजकंपन्यांच्या दरपत्रकात ‘रॅचेट’ असतो: उन्हाळ्यातल्या कमाल मागणीच्या, समजा, ८० टक्के हा पुढच्या ११ महिन्यांचा किमान आकार. ३०० चे ८० टक्के २४०. हिवाळ्यात शाळा १७० च ओढत असली तरी बिल २४० चं येतं. इथे लोक म्हणतात, उशिरा उघडा आणि रॅचेटमधून सुटा. पण सप्टेंबरचा एकच उकाड्याचा दिवस २८० वर गेला तर किमान आकार २२४ होतो. सुटले १६ किलोवॉट, महिन्याला २४० डॉलर. त्यासाठी अख्खं शैक्षणिक वर्ष हलवण्यापेक्षा कमाल मागणी चेपणं सोपं, त्याबद्दल खाली. दरपत्रकात ‘उन्हाळा’ कोणत्या महिन्यापर्यंत धरलाय हेही वाचा. बऱ्याच ठिकाणी सप्टेंबरही उन्हाळी दरातच असतो.

छतावर सौर पॅनेल असलेल्या शाळेचं गणित पुन्हा वेगळं. ग्रिडला विकलेल्या युनिटला खरेदीच्या दरापेक्षा कमी मोबदला मिळत असेल तर सुट्टीत तयार होणारी वीज स्वस्तात जाते. तिथे ऑगस्टात शाळा भरवणं तितकं महाग पडत नाही.

मुलांच्या आधी शिक्षक येतात

पत्रकावर १४ ऑगस्ट लिहिलं असलं तरी एसी त्या दिवशी सुरू होत नाही. शिक्षक तीन ते पाच दिवस आधी येतात, वर्ग लावतात, प्रशिक्षणं होतात. त्याआधी नोंदणी, क्रीडासराव, बँड. प्रत्येक कारणासाठी पूर्ण इमारतीचं वेळापत्रक ‘भरलेली’ असं लावलं तर पहिली मुलं यायच्या दोन आठवडे आधीपासून शाळेचं बिल चालू. प्रशिक्षण एका विंगमध्ये घ्यावं आणि वर्ग लावण्यासाठी विंगवार दिवस ठरवावेत. शिक्षकांना हे आवडत नाही, त्यांची तक्रार रास्तही आहे: ३० अंशांच्या वर्गात कपाटं हलवायला कुणाला आवडेल? सकाळी सात ते अकरा ही वेळ दिली तर बहुतेक ठिकाणी तडजोड होते.

विजेच्या पलीकडचे खर्च

तारीख बदलण्याचा सर्वांत महाग भाग बहुधा बदलाचं पहिलं वर्ष असतं, आणि ते बैठकीतल्या तक्त्यात क्वचितच दिसतं. शाळा १० जूनला संपली आणि नव्या नियमाने १० ऑगस्टला उघडली, तर मध्ये ६१ दिवस. सामान बांधायला पहिला आठवडा आणि सफाई, तपासणी, शिक्षकांचे दिवस यांना शेवटचा आठवडा गेला की छताच्या किंवा बॉयलरच्या कामाला सात आठवडेही उरत नाहीत. ठेकेदार दुसरी पाळी आणि ओव्हरटाइम धरूनच निविदा भरतो. दुसऱ्या वर्षापासून सुट्टी पुन्हा नेहमीएवढी होते, पण मोठं काम नेमकं त्या पहिल्या उन्हाळ्यात ठेवलेलं असेल तर फटका बसतो. मिनेसोटाच्या कायद्याने हे नातं उलट बाजूने ओळखलंय: ४ लाख डॉलर किंवा त्याहून मोठं बांधकाम असेल तर शाळेला लेबर डेच्या आधी उघडता येतं.

तारीख मागे नव्हे तर पुढे सरकवली तर पहिला उन्हाळा लांबतो. बारा महिन्यांच्या कर्मचाऱ्यांना काही फरक पडत नाही. दहा महिन्यांवर पगार घेणाऱ्यांचा पहिला पगार मात्र दोन-तीन आठवडे लांबतो आणि पगारपत्रकाचे हप्ते नव्याने बसवावे लागतात. आरोग्यविम्याचा हप्ता पगारातून कापला जात असेल तर त्या रिकाम्या महिन्याचं काय करायचं हे आधी लिहून ठेवावं, नाहीतर सप्टेंबरात दुहेरी कपात होते आणि कार्यालयातला फोन थांबत नाही.

आर्थिक वर्षाचाही धक्का आहे. बहुतेक डिस्ट्रिक्टचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. शाळा १० ऑगस्टला उघडणार असेल तर नव्या वर्षाच्या खरेदी-आदेशांना सहा आठवडेही मिळत नाहीत. बाकं, पुस्तकं, एसीचे फिल्टर वेळेत हवे असतील तर जादा भाड्याची वाहतूक. यावर उपाय म्हणजे वसंतातच मंजुरी घेऊन डिलिव्हरी आणि बिल १ जुलैनंतरचं ठेवणं. टेक्ससमध्ये डिस्ट्रिक्टला १ जुलै किंवा १ सप्टेंबर यातलं वर्ष निवडता येतं. ज्यांनी १ सप्टेंबर निवडलंय आणि शाळा ऑगस्टात उघडतात, त्यांच्या नव्या शैक्षणिक वर्षाचे पहिले दिवस जुन्या आर्थिक वर्षात पडतात. दोन वर्षांच्या ऑगस्टची तुलना करताना हे विसरलं तर ‘बचत’ निव्वळ खातेवहीत घडते.

उत्पन्नाची बाजू तर अनेकदा पूर्णच राहून जाते. टेक्ससमध्ये अनुदान सरासरी दैनंदिन हजेरीवर ठरतं. पहिल्या आठवड्यात कुटुंबं अजून सुट्टीवर असतील तर हजेरी पडते, आणि दिवसाचा खर्च तेवढाच राहून अनुदान घटतं. मिशिगनमध्ये ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारची पटमोजणी महत्त्वाची असते. लेबर डेनंतर उघडणाऱ्या शाळेला पट स्वच्छ करायला, म्हणजे आलेली-न आलेली, शाळा बदललेली मुलं शोधायला, जेमतेम चार आठवडे मिळतात. त्यात निसटलेलं प्रत्येक नाव एसीच्या कितीतरी दिवसांहून महाग असतं.

बसच्या बाबतीत तारखेपेक्षा वार महत्त्वाचा. कंत्राट दिवसाच्या दराने असेल तर बुधवारी उघडणं चालून जातं, आठवड्याच्या किमान दराने असेल तर तीन दिवसांचे पाच दिवस भरावे लागतात. विजेच्या दृष्टीनेही बुधवारचा प्रारंभ गैरसोयीचा: तापलेली इमारत थंड केली, तीन दिवस वापरली, शनिवार-रविवार सोडून दिली आणि सोमवारी पुन्हा तेच. शिक्षणाच्या दृष्टीने छोट्या पहिल्या आठवड्याचे फायदे आहेत, ते नाकारायचं कारण नाही. फक्त त्याची किंमत माहीत असावी.

हिशेब करायचाच असेल तर

किमान ३६ महिन्यांची बिलं आणि वीजकंपनीकडून १५ मिनिटांच्या अंतराची नोंद मागवा. बिलावरून महिना कळतो, या नोंदीवरून दिवस कळतो. प्रत्येक दिवसाला तीनपैकी एक खूण करा: मुलं होती, फक्त कर्मचारी होते, रिकामी. मग बाहेरच्या सरासरी तापमानासमोर रोजचा वापर मांडा, तिन्ही खुणांच्या तीन वेगळ्या रेषा दिसतील. दोन रेषांमधली उभी दरी म्हणजे त्या तापमानाच्या दिवसाची खरी किंमत. एकाच उन्हाळ्याचा आकडा घेऊ नका, एक गरम ऑगस्ट सगळे निष्कर्ष फिरवतो. रेषा विस्कटलेल्या दिसल्या तर बहुतेक वेळा कारण हवामानात नसतं, नियंत्रणप्रणालीत असतं: कुणीतरी जुलैत ‘तात्पुरतं’ हाताने चालू केलेलं यंत्र, गेल्या वर्षीच्या सुट्ट्यांची तशीच राहिलेली यादी, उघडीच अडकलेली बाहेरच्या हवेची झडप.

ही तपासणी उघडण्याच्या दोन आठवडे आधी झाली पाहिजे, उघडल्यावर नव्हे. एसीचा प्रत्येक संच अर्धा-पाऊण तास पूर्ण भाराने चालवा, येणाऱ्या आणि जाणाऱ्या हवेच्या तापमानातला फरक ८ ते ११ अंश आहे का बघा. कमी असेल तर आधी फिल्टर आणि पट्टा, मग गॅस. एसीचं पाणी वाहून नेणाऱ्या नळीचा सुट्टीत कोरडा पडलेला सापळा (पाणी साठून राहणारा वाकलेला भाग) पाण्याने भरा, नाहीतर पहिल्या दिवशी गटाराचा वास आणि छतातून गळती दोन्ही एकदम.

आणि पहिल्या सोमवारी सगळे संच सकाळी साडेसहाला एकत्र सुरू होऊ देऊ नका. शनिवार-रविवारी तापलेल्या भिंती, फरश्या, फर्निचर थंड करताना प्रत्येक संच पूर्ण ताकदीने धावतो, आणि वर्षाची कमाल मागणी कधीकधी त्याच तासात नोंदली जाते, मुलं अजून बसमध्ये असताना. पहाटे चारपासून दर १५ मिनिटांनी तीन-चार संच असं सुरू करा, पूर्वेकडचे आधी. बाहेरच्या हवेची झडप पहिलं वाहन आवारात येईपर्यंत बंद. दुपारी दोनच्या सुमारास मागणी चढायला लागली की व्यायामशाळा आणि सभागृहाचं तापमान दोन अंशांनी वर सोडा, स्वयंपाकघरातले मोठे ओव्हन आणि भांडी धुण्याची यंत्रं एकाच वेळी चालत नाहीत ना हे बघा. यात ३०० चे २७० झाले तर उन्हाळ्याच्या बिलातही महिन्याला ४५० डॉलर कमी होतात, आणि रॅचेट असेल तर किमान आकार २४० वरून २१६ वर येतो. त्यासाठी शैक्षणिक वर्षाचं पान उलटावं लागत नाही.